बीएस्सी झालेली मुलगी एमबीबीएसला जाते तेव्हा

पत्र: मॅडम, मी पंचवटीत राहते. बारावीला आणि त्यानंतर एक वर्ष ड्रॉप घेऊन, अशी दोनदा नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा दिली. दोन्ही वेळा सीट थोडक्यात हुकली. मग नाशिकमध्येच बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं आणि ते पूर्ण केलं. यंदा पुन्हा नीट दिली आणि आडगावच्या मेडिकल कॉलेजला नंबर लागला. घरी सगळे खूश आहेत, पण काका येता-जाता म्हणतात, 'तीन वर्षं फुकट गेली, एव्हाना निम्मी डॉक्टर झाली असतीस.' बीएस्सीचे आमचे एक सर उलटं सांगतात, 'तुझं फर्स्ट इयर अर्धं झालंच आहे, निवांत जा.' अमेरिकेतला मामेभाऊ म्हणतो, तिकडे डिग्री असल्याशिवाय मेडिकलला घेतच नाहीत, म्हणजे उपयोग असणारच. खरं काय आहे? बीएस्सीत शिकलेलं एमबीबीएसला किती कामाला येतं? शिवाय माझा भाऊ यंदा बारावीला आहे. त्याने आधी बीएस्सी करून पाया पक्का करावा का?

उत्तर:

आधी तुझं मनापासून अभिनंदन. दोनदा सीट हुकल्यावर, कॉलेजची प्रॅक्टिकल्स आणि जर्नलं सांभाळून पुन्हा त्याच परीक्षेला बसायला फार चिकाटी लागते. ती तुझ्यात आहे, आणि पुढची साडेपाच वर्षं तीच सगळ्यात जास्त लागणार आहे.

मी मेडिकलच्या मुलांना बायोकेमिस्ट्री शिकवते. बीएस्सी करून आलेली मुलं अधूनमधून वर्गात असतात, त्यामुळे तुझा प्रश्न माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे. माझं मत विचारशील तर काकांचं म्हणणं चुकीचं आहे, आणि सरांचं म्हणणं धोक्याचं आहे. सर तुझ्या भल्यासाठीच बोलतात, पण ते ऐकून तू निवांत गेलीस तर पहिल्याच इंटर्नलला, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत परीक्षेला, अडचणीत येशील. म्हणून आधी त्यांच्याबद्दल.

फर्स्ट इयरला मुख्य विषय तीन: अॅनाटॉमी, फिजिऑलॉजी आणि बायोकेमिस्ट्री. यातली अॅनाटॉमी तुझ्यासाठी पूर्ण नवी आहे. मायक्रोबायोलॉजीच्या तीन वर्षांत तू माणसाचं एक हाडही हातात घेतलेलं नसणार. डिसेक्शन हॉल, काखेतून जाणारं नसांचं जाळं, कवटीच्या तळाशी असलेली भोकं आणि प्रत्येकातून काय जातं, व्हायव्हाला हाड हातात देऊन 'उजवं की डावं?' हा पहिला प्रश्न, या सगळ्यात तू आणि तुझ्या शेजारी बसलेली अठरा वर्षांची मुलगी अगदी एका रेषेवर असाल. उलट तिची पाठांतराची सवय अजून ताजी असेल. फर्स्ट इयरच्या मुलांची निम्मी झोप अॅनाटॉमीच खाते. मग 'अर्धं झालंच आहे' या म्हणण्याला अर्थ काय उरतो?

फिजिऑलॉजीत थोडा आधार मिळेल. पेशीचं आवरण, आयनांची ये-जा, बफर, प्रथिनांची रचना हे शब्द तुला परके वाटणार नाहीत. पण हृदय, मूत्रपिंड, श्वसन हा गाभा नव्यानेच शिकायचा आहे.

बायोकेमिस्ट्री मात्र तुला ओळखीची वाटेल, आणि खरा सापळा तिथेच आहे. बीएस्सी केलेली मुलं माझ्या तासाला पहिले काही आठवडे मान हलवत बसतात. ग्लायकोलिसिस, क्रेब्स सायकल या ग्लुकोजपासून ऊर्जा काढण्याच्या पायऱ्या झाल्यात, एन्झाइम कायनेटिक्स तर पाठच आहे. मग तास बुडायला लागतात. त्यानंतर इंटर्नलचा पेपर येतो आणि त्यात प्रश्न असा असतो: रोज दारू पिणारा, नीट न जेवणारा माणूस गुंगीत कॅज्युअल्टीत आणला, त्याला नुसतं ग्लुकोज चढवलं आणि तो आणखी बिघडला, कारण सांगा. बीएस्सीची मुलगी त्याच वाटेवरच्या पायरुव्हेट डिहायड्रोजिनेज या एन्झाइमला मदत करणारे पाचही को-फॅक्टर लिहिते, रचनांसकट, दोन पानं भरून. पण दारू आणि उपासमारीने या माणसाच्या शरीरातलं थायमिन, म्हणजे बी-1 व्हिटॅमिन, संपलेलं आहे, ग्लुकोज वापरायला ते लागतं, म्हणून आधी किंवा निदान बरोबरीने थायमिन द्यायचं, हे वाक्य तिच्या उत्तरात नसतं. प्रश्नाचे मार्क त्या वाक्याला असतात, आणि वॉर्डात त्या माणसाचा मेंदू वाचणंही त्यावरच असतं. 2019 पासून एमबीबीएसचा अभ्यासक्रम क्षमतेवर आधारित झाला, पहिल्या वर्षापासून पेशंट समोर ठेवून शिकवायचं ठरलं, तेव्हापासून असे प्रश्न वाढलेच आहेत. तुझं ज्ञान खरं आहे, पण ते पेशंटकडे तोंड करून मांडलेलं नाही. ती मांडणी वर्गातच शिकायला मिळते. म्हणून माझ्या विषयाचा एकही तास बुडवू नकोस, आणि घरी त्याच्या अभ्यासाचा जो वेळ वाचेल तो सगळा अॅनाटॉमीला दे.

बीएस्सी झालं म्हणून कोणत्याही विषयात सूट मिळत नाही, हेही लक्षात ठेव. फर्स्ट इयर पास व्हायला प्रत्येकाला एकूण चारच अटेंप्ट असतात, तुलाही तेवढेच.

आता काकांकडे वळते. तीन वर्षं फुकट गेली असं ज्यांना वाटतं ते पुस्तकातला मजकूर मोजत असतात, आणि मजकूर खरोखरच बराचसा गळून जातो. फर्मेंटरची रचना, जमिनीतले नायट्रोजन स्थिर करणारे जिवाणू, दुधाची तपासणी, सांडपाण्याची प्रक्रिया यातलं तुला एमबीबीएसला क्वचितच कोणी विचारेल. पण तू तीन वर्षं लॅबमध्ये उभी राहिलीस. ते जात नाही.

फिजिऑलॉजीच्या पहिल्या प्रॅक्टिकलला काय होतं ते सांगते. न्यूबॉअर चेंबरमध्ये, म्हणजे चौकोन आखलेल्या काचेत, रक्त भरून पेशी मोजायच्या असतात. बारावीतून आलेली मुलं मायक्रोस्कोपचा पूर्ण उजेड पाडून, कंडेन्सर (उजेड एकवटणारं खालचं भिंग) वर ठेवूनच बघतात. रंग न दिलेल्या पेशी त्या झगझगाटात दिसतच नाहीत, चौकोनांच्या रेषाही नाहीत. मग कोणीतरी चेंबर सदोष आहे म्हणून तक्रार करतं. तू नकळत कंडेन्सर खाली घेशील, डायफ्रॅम थोडा मिटवशील आणि रेषा समोर येतील. पुढच्या आठवड्यात लिशमन स्टेनने रंगवलेला रक्ताचा स्मिअर ऑइल इमर्शनवर, म्हणजे तेलाचा थेंब लावून वापरायच्या भिंगाखाली, बघायचा असेल तेव्हा कंडेन्सर परत वर जाईल. तेल लावल्यावर भिंग पुन्हा चाळीसवर फिरवायचं नाही, हे तुला सांगावं लागणार नाही. ही फार मोठी विद्या नव्हे, इतर मुलंही दोन महिन्यांत शिकतात. पण ते दोन महिने तू यंत्राशी झटापट करण्याऐवजी पेशीकडे बघण्यात घालवशील, आणि बघण्याची सवय लवकर लागणं चांगलंच.

याहून मोठा फायदा दिसायला वेळ लागेल. तू वॉर्डात जायला लागशील तेव्हा तुझ्या हातात रोज रिपोर्ट येतील. बहुतेक विद्यार्थ्यांना, आणि खेदाने म्हणते, बऱ्याच डॉक्टरांनाही, रिपोर्ट हा छापील कागद वाटतो. तो कसा तयार झाला हे त्यांनी पाहिलेलं नसतं. तू पाहिलं आहेस. युरिन कल्चरचं, म्हणजे लघवीत कोणते जिवाणू वाढतात ते बघायच्या तपासणीचं, उदाहरण घे. ठरावीक मापाच्या लूपने (तारेच्या कडीने) लघवी प्लेटवर ओढायची, रात्रभर 37 अंशांवर ठेवायची, सकाळी जिवाणूंच्या वसाहती मोजायच्या आणि त्यावरून मिलिलिटरला किती जिवाणू ते काढायचं. साधारणपणे एकाच जातीचे एक लाख किंवा जास्त आले तर संसर्ग धरायचा. आता समज, सकाळी नऊला घेतलेली बाटली वॉर्डातल्या टेबलावर दुपारी एकपर्यंत पडून राहिली. एप्रिल-मेच्या उकाड्यात त्या बाटलीत काय चालू असेल ते तुला डोळ्यांपुढे दिसेल, कारण अनुकूल परिस्थितीत ई. कोलायची संख्या वीसेक मिनिटांत दुप्पट होते, हे तू स्वतः ग्रोथ कर्व्ह काढून पाहिलं आहेस. पेशंटला काहीही झालेलं नसताना रिपोर्टवर लाखाचा आकडा येऊ शकतो. त्या आकड्यावर अँटिबायोटिक सुरू होतं. तीन-चार प्रकारचे जिवाणू एकत्र वाढून आले तर नमुनाच नीट घेतला नसावा, ही शंका तुला पहिल्यांदा येईल.

ब्लड कल्चरचंही तसंच. कातडीवरचे स्टॅफिलोकोकस बाटलीत जायला सुईची जागा नीट न पुसणं पुरेसं असतं. म्हणून दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून रक्त घ्यायचं, अँटिबायोटिकचा पहिला डोस जाण्याआधी घ्यायचं, आणि पेशंट गंभीर असेल तर नमुना घेऊन लगेच औषध सुरू करायचं, रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. हे सगळे नियम पाठ करणारे खूप भेटतील. जिवाणू पसरलेल्या म्युलर-हिंटन अगारवर अँटिबायोटिकची डिस्क ठेवून तिच्याभोवतीचा जिवाणू न वाढलेला झोन पट्टीने मोजलेला माणूस ते वेगळ्या गांभीर्याने पाळतो. औषधांना न जुमानणारे जिवाणू वाढत चालले आहेत, त्या काळात असा डॉक्टर वॉर्डात असणं मला फार मोलाचं वाटतं. काकांना सांग, तीन वर्षं इथे जमा आहेत.

रसायनशास्त्राबद्दलही थोडं सांगते, कारण मुलं सगळ्यात जास्त शिव्या त्यालाच घालतात. आपल्या जिल्ह्यात निफाड, दिंडोरीकडे द्राक्षबागा आहेत, फवारणी जवळजवळ वर्षभर चालू असते. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाची विषबाधा झालेला पेशंट तुला इंटर्नशिप संपेपर्यंत नक्की दिसेल. कधी फवारताना अंगावर गेलेलं असतं, कधी कोणी जिवाला कंटाळून प्यायलेलं असतं. तोंडाला फेस, घामाने अंग भिजलेलं, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घरघर, नाडी मंद. हे सगळं एका रासायनिक क्रियेतून येतं: कीटकनाशकातला फॉस्फेटचा गट अॅसिटिलकोलिनएस्टरेज या एन्झाइमच्या सेरीन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतो, एन्झाइम बंद पडतं आणि ते ज्याचे तुकडे करतं ते अॅसिटिलकोलिन, म्हणजे नसांचा निरोप पोचवणारं रसायन, साचत जातं. अॅट्रोपिन देतात ते एन्झाइम दुरुस्त करत नाही, फक्त काही रिसेप्टरवरचा परिणाम अडवतं. म्हणून फेस आणि घरघर थांबते, पण स्नायूंची ताकद त्याने परत येत नाही, आणि पेशंटच्या श्वासावर लक्ष ठेवावंच लागतं. पॅम हे दुसरं औषध फॉस्फेटचा गट ओढून काढतं, पण उशीर झाला तर तो बंध पक्का होतो आणि मग तो गट सुटत नाही. पॅमचा प्रत्यक्षात किती फायदा होतो यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, हे तुला फार्मॅकोलॉजीत कळेलच. सेरीन, न्यूक्लिओफाइल, बंध तुटणं हे शब्द ज्याला कळतात त्याला ही सगळी उपचारपद्धत पाठ करावी लागत नाही, एकदा समजली की ती रात्री तीनलाही आठवते.

पण यातलं किती बीएस्सीचं आणि किती बारावीचं, हेही मी प्रामाणिकपणे सांगायला हवं. वरच्या उदाहरणाला बारावीचं ऑर्गॅनिक नीट समजलेलं असलं तरी पुरतं. श्वासनलिकेची त्रिज्या सुजेने निम्मी झाली की हवेला होणारा अडथळा सोळा पट होतो, लहान बाळाला थोडी सूज का झेपत नाही ते यातूनच कळतं. त्याला अकरावी-बारावीचं फिजिक्स पुरे आहे. मेडिकलला लागणारं मूलभूत विज्ञान बरंचसं त्या दोन वर्षांत येऊन जातं. अडचण ही की नीटच्या घाईत ते उत्तराचा पर्याय ओळखण्यापुरतं वाचलं जातं. बीएस्सीने तुला ते पुन्हा एकदा, सावकाश, हाताने करून पाहायची संधी दिली.

तुमच्या अभ्यासक्रमात बायोस्टॅटिस्टिक्स असेल तर त्या वह्या जपून ठेव. कम्युनिटी मेडिसिनमध्ये ते येतं तेव्हा मुलं सूत्रं घोकतात. एक साधं गणित करून बघ: आजार हजारात एकाला, टेस्ट आजारी माणूस जवळजवळ कधीच चुकवत नाही, पण निरोगी शंभरातल्या पाच जणांनाही पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे हजार जणांत साधारण पन्नास निरोगी माणसं पॉझिटिव्ह येतील आणि खरा आजारी एक. पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात घेऊन घाबरून आलेल्या माणसाशी काय बोलायचं, ते हे गणित ठरवतं.

मामेभाऊ सांगतो ते खरं आहे, पण ते आपल्याकडे जसंच्या तसं लागू करू नकोस. अमेरिकेत मेडिकल स्कूलला जाण्याआधी साधारण चार वर्षांची पदवी घेतात आणि त्यात बायोलॉजी, केमिस्ट्री, ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स हे कोर्स प्रयोगशाळेसकट करतात. तिकडे वैद्यकीय शिक्षणाला विज्ञानाचा भक्कम पाया हवा हा आग्रह 1910 च्या फ्लेक्सनर अहवालापासून पक्का होत गेला. पण तिथे पदवीचा मुख्य विषय विज्ञानच असावा लागत नाही. इतिहास किंवा साहित्य घेतलेली मुलंही ठरलेले विज्ञानाचे कोर्स पुरे करून डॉक्टर होतात. त्यांच्या एमकॅट या प्रवेश परीक्षेत 2015 पासून मानसशास्त्र आणि समाजशास्त्रही आलं आहे. आपल्याकडे प्रवेश बारावीच्या पायावर होतो आणि एमबीबीएस साडेचार वर्षं अधिक एक वर्ष इंटर्नशिप असं आखलेलं आहे. दोन्हीकडच्या वर्षांचं गणितच वेगळं आहे.

वयाची काळजी तुझ्या पत्रात थेट नाही, पण ओळींच्या मागे दिसते. बावीसाव्या वर्षी सुरुवात करशील, सत्तावीस-अठ्ठावीसला इंटर्नशिप संपेल. नीटला आता वरची वयोमर्यादा नाही, तेव्हा तुझ्याहून मोठी मुलंही वर्गात असू शकतात. बाकीचे सुरुवातीला ताई म्हणतील, म्हणू दे. मी पाहिलंय, ही थोडी मोठी मुलं पेशंटच्या नातेवाइकांशी चांगली बोलतात. नापास होण्याची, घरच्यांच्या नजरेची झळ त्यांना बसून गेलेली असते, त्यामुळे समोरच्याची भीती त्यांना लवकर कळते.

आता भावाबद्दल. त्याने पाया पक्का करायला म्हणून बीएस्सी करू नये, हे माझं ठाम मत आहे. नीट अकरावी-बारावीच्या अभ्यासावर होते, 720 मार्कांपैकी 360 एकट्या बायोलॉजीचे असतात. बीएस्सीच्या सेमिस्टर परीक्षा, हजेरी, प्रॅक्टिकल यांच्यात तो अभ्यास मागे पडतो. तुला दोन्ही जमलं, पण तुझ्या बरोबरच्या किती जणांना जमलं ते तूच आठवून बघ. त्याने यंदा बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी समजून वाचावं, हाच त्याचा पाया. पहिल्यांदा सीट हुकली तर एक वर्ष मन लावून पुन्हा प्रयत्न करायला हरकत नाही. त्यानंतरही नाही जमलं आणि बीएस्सीला गेला, तर तिथे मनाने जावं. मायक्रोबायोलॉजी, केमिस्ट्री, झूलॉजी हे स्वतःच्या पायावर उभे असलेले विषय आहेत, त्यांत एमएस्सी आहे, संशोधन आहे, आपल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलच्या लॅब आहेत. मेडिकलची वाट बघत मागच्या बाकावर बसलेल्या मुलाच्या हाती यातलं काहीच लागत नाही.

तुझं कॉलेज सुरू व्हायला थोडे दिवस आहेत ना? त्या दिवसांत बायोकेमिस्ट्री उघडू नकोस. ओळखीतल्या एखाद्या सीनिअरकडून हाडांचा सेट मिळाला तर घेऊन बस, खांद्यापासून सुरुवात कर, एका वेळी एकच हाड. पहिल्या महिन्यात फाउंडेशन कोर्स असतो, मुलं तो हलक्यात घेतात, तू घेऊ नकोस. आणि दुसऱ्या वर्षात गेलीस की आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, शॉर्ट टर्म स्टुडंटशिपची चौकशी कर. एमबीबीएस करतानाच दोन महिन्यांचं छोटं संशोधन करायची ती संधी आहे, आणि लॅबमध्ये काम केलेल्या मुलीला प्रश्न कसा मांडायचा हे इतरांपेक्षा लवकर सुचतं. तोवर मायक्रोबायोलॉजी विषयही सुरू झालेला असेल. तिथे पुन्हा तोच सापळा आहे: बॅक्टेरिया तुझ्या ओळखीचे असतील, पण परजीवी, व्हायरस आणि आजाराची लक्षणं यांना बीएस्सीत मिळाला त्याहून खूप जास्त वेळ द्यावा लागेल.

बीएस्सीच्या थिअरीच्या नोट्स ज्युनिअरला देऊन टाकल्यास तरी चालेल. प्रॅक्टिकलचं जर्नल मात्र देऊ नकोस, सेकंड इयरला कल्चर आणि सेन्सिटिव्हिटी (जिवाणूवर कोणतं औषध चालतं ते बघणं) येईल तेव्हा ते काढून वाच.